संत्र्यांवरील शुल्क आणि साम्राज्याचा स्वच्छ कारभार

नोव्हेंबर १९०० मध्ये पोर्तो रिको बेटावरील सान हुआन बंदरातून संत्र्यांचा माल न्यूयॉर्कला उतरला. तेथील सीमाशुल्क कलेक्टर बिडवेल यांनी त्यावर ६५९ डॉलर ३५ सेंट इतके शुल्क आकारले. आयातदार डाउन्स यांनी ते निषेध नोंदवून भरले (आमच्या खात्यात आजही अशा भरण्याला ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात) आणि परताव्यासाठी दावा लावला. त्यांचा मुद्दा साधा होता. १८९८ च्या युद्धानंतर पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात आला आहे. मग देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेलेल्या मालावर आयात शुल्क कसले? अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे शुल्क देशभर एकसमान असावे लागते. मे १९०१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दावा फेटाळला. बहुमतातील न्यायमूर्ती व्हाइट यांच्या विवेचनाचा आशय असा, की पोर्तो रिको आंतरराष्ट्रीय दृष्टीने परका नसला तरी अंतर्गत दृष्टीने परकाच आहे. तो अमेरिकेच्या मालकीचा आहे, पण अमेरिकेचा घटक नाही.

सीमाशुल्क खात्यात जवळजवळ तीस वर्षे काढलेल्या माणसाला या प्रकरणाचे विशेष आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. पण आज ते आठवण्याचे कारण निराळे आहे. काही महिन्यांपूर्वी एका प्रशिक्षण वर्गाच्या निमित्ताने जमलेल्या अधिकाऱ्यांत वसाहतींच्या कारभाराविषयी चर्चा निघाली. एका तरुण आणि हुशार सहकाऱ्याने ठामपणे सांगितले, “सर, अमेरिकेला खऱ्या अर्थाने वसाहती नव्हत्याच. एक-दोन बेटे हाती आली, तेथे त्यांनी शाळा काढल्या, रस्ते बांधले, गुणवत्तेवर नोकरभरती केली, आणि योग्य वेळी ते निघून गेले. कारभार म्हणून पाहिले तर तो आदर्शच होता.” टेबलाभोवतीच्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख. (येथील मते माझी वैयक्तिक आहेत, हे नेहमीचे कलम येथेही लागू समजावे.)

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेने समुद्रापार जे साम्राज्य उभारले, ते अपघाताने पदरात पडलेले नव्हते. आणि त्याचा कारभार चांगला होता हा युक्तिवाद त्या साम्राज्याचा बचाव होऊ शकत नाही, कारण चांगला कारभार हेच ते टिकविण्याचे मुख्य साधन होते. ज्यांचा व्यवसायच कारभार आहे अशा आपल्यासारख्यांनी तरी ही गल्लत करू नये.

प्रथम ‘एक-दोन बेटे’ या शब्दप्रयोगाचा समाचार घेऊ. हवाईमध्ये जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले, तेव्हा अमेरिकी युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरलेले होते. या उठावामागे साखरेचे अर्थकारणही होते. १८९० च्या मॅकिन्ली शुल्क कायद्याने आयात साखरेवरील शुल्क रद्द केले आणि अमेरिकेतील उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले. त्यामुळे हवाईच्या मळेवाल्यांना आजवर मिळत असलेली सवलत एका फटक्यात निरर्थक ठरली. अमेरिकेत विलीन होणे हा त्यांच्या दृष्टीने अनुदानाच्या कक्षेत शिरण्याचा मार्ग होता. विलीनीकरणाच्या तहाला सेनेटमध्ये दोन-तृतीयांश मते मिळेनात, तेव्हा जुलै १८९८ मध्ये साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने ते उरकण्यात आले. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ठराव करून या कृत्याबद्दल हवाईच्या मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. राज्य मात्र परत केले नाही.

त्याच वर्षी स्पेनशी युद्ध झाले. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे आले, आणि २ कोटी डॉलर मोजून फिलिपिन्सही घेण्यात आले. वास्तविक १२ जून १८९८ रोजी आगिनाल्दो यांनी फिलिपिन्सचे स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि जानेवारी १८९९ मध्ये मालोलोस येथे त्या प्रजासत्ताकाची राज्यघटनाही अमलात आली. त्यांचे प्रतिनिधी आगोन्सिलो यांना मात्र तहाच्या वाटाघाटींत स्थान मिळाले नाही. विकणारा स्पेन, घेणारी अमेरिका, आणि जो विकला गेला तो देश दाराबाहेर. फेब्रुवारी १८९९ मध्ये सेनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तहास मान्यता दिली. दोन-तृतीयांशांपेक्षा हे केवळ एक मत अधिक होते. मतदानाच्या दोनच दिवस आधी मनिलाच्या वेशीवर गोळीबार सुरू झाला होता.

योगायोग पाहा, की मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची ‘द व्हाइट मॅन्स बर्डन’ ही कविता त्याच फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली आणि तिच्या उपशीर्षकातच अमेरिका व फिलिपिन्स यांचा निर्देश होता. गोऱ्या माणसाच्या ओझ्याचा हा उपदेश हिंदुस्थानला उद्देशून होता असे आपल्याकडे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो जुन्या साम्राज्याने नव्या साम्राज्याला केलेला होता.

आता कारभाराकडे वळू. माझ्या सहकाऱ्याचा भर त्यावरच होता. टाफ्ट आयोगाने सप्टेंबर १९०० मध्ये फिलिपिन्ससाठी कायदे करण्यास आरंभ केला. कोणत्याही राजवटीचे स्वरूप जाणून घ्यावयाचे असेल, तर तिच्या घोषणांपेक्षा तिचे कायदे अनुक्रमांकाने वाचावेत, असे माझे मत आहे. कायदा क्रमांक १ रस्ते आणि पूल यांच्या बांधणीसाठी निधी देणारा होता. कायदा क्रमांक ५ कार्यक्षम आणि प्रामाणिक नागरी सेवेच्या स्थापनेचा, म्हणजे परीक्षा आणि गुणवत्ता यांवर आधारलेल्या भरतीचा होता. येथवर वाचून आपल्यापैकी कोणीही प्रसन्न होईल. पण पुढे वाचावे. नोव्हेंबर १९०१ च्या कायदा क्रमांक २९२ अन्वये, बंड चालू आहे तोपर्यंत स्वातंत्र्याचा पुरस्कार करणे हा गुन्हा ठरला, मग तो शांततामय मार्गाने का असेना. १९०२ च्या कायदा क्रमांक ५१८ ने सशस्त्र टोळीत सामील होणे ही दरोडेखोरी ठरविली. लढा चालू ठेवणारे माकारिओ साकाय १९०७ मध्ये फासावर गेले, ते स्वातंत्र्यसैनिक म्हणून नव्हे, दरोडेखोर म्हणून. १९०३ च्या कायदा क्रमांक ७८१ ने अशांत भागांतील ग्रामस्थांना घरेदारे सोडायला लावून नेमून दिलेल्या वस्त्यांत कोंडण्याचा अधिकार नागरी प्रशासनाला दिला. आणि १९०७ च्या कायदा क्रमांक १६९६ ने क्रांतिकारकांचा ध्वज फडकविण्यास बंदी केली. ती १९१९ पर्यंत टिकली.

हे सारे कायदे एकाच दप्तरातून, एकाच शिस्तीने आणि बहुधा तितक्याच सुवाच्य मसुद्यांतून निघाले. क्रमांक ५ प्रामाणिकपणाचा आणि क्रमांक २९२ मुस्कटदाबीचा, असे दोन वेगळे कारभार तेथे नव्हते. परीक्षा देऊन निवडलेल्या अधिकाऱ्यालाच क्रमांक २९२ ची अंमलबजावणी करावयाची होती. ज्या देशात १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, त्या देशातील वाचकाला हा प्रकार अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

युद्धाचे आकडे तर कारभाराच्या स्तुतिपाठकांना सहसा आठवतच नाहीत. ४ जुलै १९०२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्ध संपल्याचे जाहीर केले, तोवर सुमारे ४,२०० अमेरिकी आणि सुमारे २०,००० फिलिपिनो सैनिक मृत्युमुखी पडले होते. हिंसाचार, उपासमार आणि पटकी यांनी दगावलेल्या नागरिकांची संख्या दोन लाख किंवा त्याहून अधिक असावी असा अंदाज केला जातो. क्यूबात ग्रामस्थांना छावण्यांत कोंडल्याबद्दल अमेरिकी वृत्तपत्रांनी स्पेनचा सेनापती वायलर याला कसाई म्हटले होते. तोच उपाय जनरल बेल यांनी बातांगास प्रांतात योजला. बालांगिगा येथे सप्टेंबर १९०१ मध्ये अमेरिकी तुकडीवर हल्ला होऊन ४८ सैनिक मारले गेले, तेव्हा जनरल स्मिथ यांनी सामार बेटावर दहा वर्षांवरील ज्याला शस्त्र धरता येईल अशा प्रत्येकाला ठार मारण्याचा तोंडी हुकूम दिला. त्यांच्यावर लष्करी खटला चालला, पण आरोप हत्येचा नव्हता. शिस्तीस बाधक वर्तनाचा होता. शिक्षा म्हणून समज देण्यात आली आणि मागाहून सक्तीची निवृत्ती. आपल्याकडे कार्यालयात सतत उशिरा येणाऱ्या लिपिकालाही याहून कडक शिक्षा होऊ शकते.

कॅरिबियन समुद्रातील प्रयोग याहून सफाईदार होता, आणि तो माझ्याच खात्याचा आहे. १९०५ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाची सीमाशुल्क वसुली अमेरिकेने आपल्या हाती घेतली. सेनेटने कराराला मान्यता देण्याचे टाळले, तेव्हा रूझवेल्ट यांनी कार्यकारी व्यवस्थेवर काम चालविले. १९०७ मध्ये रीतसर तह झाला. वसुलीचे ५५ टक्के परकीय धनकोंसाठी आणि ४५ टक्के डोमिनिकन सरकारसाठी, अशी वाटणी ठरली. पूर्वी सगळी वसुली स्वतःकडे असताना त्या सरकारच्या हाती जेवढे पडत असे, त्यापेक्षा हे ४५ टक्के अधिक भरतात, असे रूझवेल्ट अभिमानाने सांगत. हे खरे असेलही. गळती थांबली की महसूल वाढतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु प्रश्न असा, की ज्या सरकारच्या हातून कस्टम हाऊस काढून घेतले त्या सरकारकडे आपल्या जनतेला उत्तर देण्यासारखे उरले काय? कर गोळा करणारा वॉशिंग्टनला जबाबदार, खर्च करणारा उरलेल्या हिश्शावर अवलंबून, आणि करदाता दोघांपैकी कोणालाच जाब विचारू न शकणारा. उत्तम वसुलीने स्थैर्य आले असते तर १९१६ मध्ये तेथे अमेरिकी नौसैनिक उतरलेच नसते. ते उतरले, आणि १९२४ पर्यंत राहिले. शेजारच्या हैतीत तर त्याआधीच, डिसेंबर १९१४ मध्ये, राष्ट्रीय बँकेतील ५ लाख डॉलरचे सोने नौसैनिकांनी जहाजावर चढवून न्यूयॉर्कला नेले होते. पाठोपाठ १९१५ मध्ये जो लष्करी ताबा आला तो १९३४ पर्यंत टिकला. तेथेही रस्ते झाले, पण ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना वेठीस धरले गेले.

क्यूबाला तर कागदोपत्री स्वातंत्र्यच देण्यात आले. मात्र १९०१ मध्ये लष्करी खर्चाच्या विधेयकाला जोडलेल्या प्लॅट दुरुस्तीने त्या स्वातंत्र्याच्या अटी ठरविल्या. नेहमीच्या उत्पन्नातून फेडता येणार नाही असे कर्ज क्यूबाने काढायचे नाही, अमेरिकेला नाविक तळासाठी जागा द्यायची, आणि अमेरिकेला हस्तक्षेपाचा अधिकार राहील. हे मान्य केल्याशिवाय सैन्य हलणार नव्हते. ग्वांतानामोचा तळ त्यातूनच आला आणि तो अद्याप आहे. पनामा कालव्याच्या बांधकामावर मजुरांचे पगारपत्रक दोन प्रकारचे होते, एक ‘सोन्याचे’ आणि एक ‘चांदीचे’. पहिल्यात प्रामुख्याने गोरे अमेरिकी, दुसऱ्यात बार्बाडोससारख्या बेटांवरून आणलेले कृष्णवर्णी मजूर. निवासस्थाने, दुकाने, पोस्टाच्या खिडक्या, सारे त्या दोन नावांनी विभागलेले. वंशभेद असा शब्दही न वापरता तो हजेरीपटाच्या रकान्यात बसविला गेला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून चलनाचाही उल्लेख केला पाहिजे. १९०३ मध्ये फिलिपिन्सचा पेसो अमेरिकी अर्ध्या डॉलरशी बांधण्यात आला. या योजनेचे एक शिल्पकार चार्ल्स कोनंट. लोक त्या नाण्याला ‘कोनंट’च म्हणत. याच गृहस्थांनी १८९८ मध्ये साम्राज्यवादाच्या आर्थिक पायाविषयी लेख लिहून स्पष्ट मांडले होते, की प्रगत देशांत साठलेल्या अतिरिक्त भांडवलाला बाहेर वाट हवी आहे. हॉब्सनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९०२ चा. म्हणजे टीकाकाराने निदान करण्याच्या चार वर्षे आधी समर्थकाने कबुली दिली होती. पेसोच्या पाठीशी असलेल्या निधीचा भाग न्यूयॉर्कमध्ये ठेवला जाई, जसा रुपयाच्या पाठीशी असलेला निधी लंडनमध्ये. ही सुवर्ण विनिमय पद्धती हिंदुस्थानात आधीच रुळत होती. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या रुपयाविषयीच्या प्रबंधात तिच्यावर कठोर टीका केली. चलन व्यवस्थापकांच्या मर्जीवर सोडण्यातला धोका त्यांनी ओळखला होता. ते व्यवस्थापक कार्यक्षम आहेत की नाहीत हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता.

‘योग्य वेळी निघून गेले’ या विधानाविषयीही दोन शब्द. १९०९ नंतर फिलिपिन्स आणि अमेरिका यांच्यात जवळजवळ मुक्त व्यापार सुरू झाला आणि बेटांची शेती साखर, खोबरे, ताग यांसारख्या मोजक्या निर्यात पिकांकडे झुकली. १९३० च्या दशकात त्यांची तीन-चतुर्थांशांहून अधिक निर्यात एकट्या अमेरिकेला जात होती. मग महामंदी आली. अमेरिकेतील बीटसाखर उत्पादकांना आणि दुग्धव्यावसायिकांना फिलिपिन्सची स्वस्त साखर व खोबरेल नकोसे झाले, आणि कामगार संघटनांना फिलिपिनो मजूर. १९३४ च्या कायद्याने स्वातंत्र्याची मुदत ठरविली, आणि त्याच कायद्याने फिलिपिनोंचा प्रवेश वर्षाला ५० इतक्यावर आणला. फिलिपिनो नेत्यांनी स्वातंत्र्यासाठी दिलेल्या दीर्घ लढ्याचे श्रेय मी कमी लेखत नाही. पण अमेरिकी काँग्रेसचे मन त्यांच्या अर्जविनंत्यांनी नव्हे, साखरेवरील शुल्काच्या हिशेबाने वळले. १९४६ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेही अमेरिकी उद्योजकांना समान हक्क देण्याची आणि पेसो डॉलरशी बांधून ठेवण्याची अट स्वीकारून.

आणि सगळे निघून गेलेही नाहीत. संत्र्यांवरील ते शुल्क निकालानंतर दोनच महिन्यांत, जुलै १९०१ मध्ये, रद्द झाले. त्यामागचे तत्त्व मात्र आजही जिवंत आहे. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३३ लाख लोकसंख्येच्या पोर्तो रिकोतील रहिवासी १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, पण तेथे राहून त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. काँग्रेसमधील त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही. २०१६ मध्ये बेट कर्जात बुडाले तेव्हा वॉशिंग्टनने त्याच्यावर वित्तीय देखरेख मंडळ बसविले. २०२२ मध्ये वृद्ध व अपंगांसाठीची एक संघीय मदत पोर्तो रिकोच्या रहिवाशांना नाकारता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्या वेळी न्यायमूर्ती गॉर्सच यांनी १९०१ च्या निकालांना घटनेत आधार नाही असे स्वतंत्र मतात नोंदविले. पण ते निकाल रद्द झाले नाहीत.

माझ्या सहकाऱ्याच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हटले पाहिजे. त्या शाळांत फिलिपिनो मुले खरोखर शिकली, देवीच्या लसी खऱ्या होत्या, आणि पोर्तो रिकोच्या संत्र्यांवर वसूल केलेले शुल्क त्याच बेटाच्या कारभारासाठी वापरण्याची तरतूद कायद्यात होती. अमेरिकेतही मार्क ट्वेन, विल्यम जेम्स यांच्यासारख्यांनी या साम्राज्याविरुद्ध आवाज उठविला. अमेरिकी लोक इतरांहून दुष्ट होते असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यात माझ्यासारखे नेटके, कामसू, भ्रष्टाचाराची चीड असलेले अधिकारी पुष्कळ होते. मला भय वाटते ते याचेच.

कारण एक प्रसंग मी विसरू शकत नाही. सेवेच्या आठव्या-नवव्या वर्षी पूर्व किनाऱ्यावरील एका बंदरात मी प्रवेशपत्रांची नवी पद्धत लागू केली. चोरीला आळा बसला, माल सोडविण्याचा वेळ घटला, वरिष्ठांनी शाबासकी दिली. त्या आदेशाने जवळच्या कोळीवाड्याची किनाऱ्यावर जाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद झाली होती. त्यांचा अर्ज आला. तक्रार वाटेपेक्षा वेगळीच होती: हे ठरविताना आम्हाला कोणी विचारले नाही. मी त्यावर आकडेवारीसह सुरेख टिपण लिहिले आणि अर्ज दप्तरी दाखल केला. माझे सर्व आकडे बरोबर होते. पण अर्जातील प्रश्नाला त्यांपैकी एकही उत्तर नव्हता. मी लोकनियुक्त सरकारचा नोकर होतो, म्हणून त्या लोकांना आमदाराकडे जाता आले आणि दीड वर्षाने का होईना, वाट पुन्हा खुली झाली. मनिलातल्या माणसाला १९०१ मध्ये अशी कोणती वाट होती?

सुराज्य आणि स्वराज्य यांतील हा भेद आपल्या पूर्वजांनी शंभर वर्षांपूर्वी घासूनपुसून स्वीकारला. दादाभाईंचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील ग्रंथ १९०१ चाच, म्हणजे डाउन्स निकालाच्याच वर्षीचा. आज आपल्याच सेवेतील हुशार मंडळी परक्या राजवटीचे मूल्यमापन रस्त्यांच्या लांबीवरून करू लागली आहेत, याचे मला दुःख आहे. हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. ज्याला मनिलाचा कारभार आदर्श वाटतो, त्याला उद्या आपल्या जिल्ह्यातही लोकांना न विचारता केलेला नीटनेटका कारभार आदर्शच वाटेल.

त्या तरुण सहकाऱ्याला मी हा लेख पाठविणार आहे. त्याने वाचावा, आणि पटला नाही तर निषेध नोंदवून वाचावा. आमच्या खात्यात तशी सोय आहे.